हलक्या हातानं

१४ ऑक्टोबर, सकाळच्या धारा आटोपून

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला आठवण सांग, पिल्लांना पापे. गाई ठणठणीत आहेत, कुंपण जागच्या जागी आहे आणि मी होते तशीच हट्टी आहे.

तुझा निरोप मिळाला. कुरणात तण माजलंय म्हणून पुढच्या आठवड्यात नांगर घेऊन येतोस. सगळं उलथून मका पेरायचा, गाई विकून टाकायच्या. दादा, मी कुरण मोडू देणार नाही.

तण मी आवरते आहे. ट्रॅक्टरमागच्या दाताळ्याचे दात इतके वर घेतलेत, की माती जेमतेम बोटाच्या पेराएवढी खरवडली जाते. कोवळं तण उपटलं जातं आणि उन्हात वाळतं. गवताची मुळं खोल, ती हूं की चूं करत नाहीत. पलीकडचा गवळी कुंपणावर रेलून म्हणाला, "काय गं, कुरणाची वेणी घालतेस का?" म्हटलं, "आधी गुंता तर सुटू दे!" आता तोच दाताळं मागायला येतो. खालचा पट्टा हिरवागार झालाय. वरचा अजून दाद देत नाही, पण मीही काही सोडणाऱ्यातली नाही.

तू मागे खोल नांगरलंस, तेव्हा गाडलेलं सगळं तणाचं बी वर आलं आणि बाबा तुला नको ते बोलले. तेव्हापासून तू फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाहीस.

बाबांबद्दल लिहायचं टाळत होते. तब्येत बरी आहे, जेवतात, फिरतात. पण मला ओळखत नाहीत. मी दाताळं जोडलं की फाटकाशी येऊन ओरडतात, "थोरल्या, हलक्या हातानं रे! हलक्या हातानं!" सुरुवातीला मी सांगत बसायचे, "बाबा, मी धाकटी." आता नुसतं "हो बाबा" म्हणते. वाईट वाटतं, फार वाटतं.

काल मी खालच्या पट्ट्यावर दाताळ्याचा शेवटचा फेरा मारून आले, तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जमलं की तुला. उगाच बोललो रे मी तेव्हा."

दादा, हे माझ्यासाठी नव्हतं. तुझं होतं, पाठ तेवढी माझी होती. येऊन स्वतः ऐक. ते पुन्हा म्हणतील की नाही, ठाऊक नाही, पण ये. नांगर तिकडेच ठेव. वरचा पट्टा तुझ्यासाठी राखलाय.

तुझी धाकटी,
सध्या थोरल्याच्या हाकेला ओ देणारी