गॉर्डनच्या डायला लावलेलं कुंकू

१४ ऑक्टोबर, ईडन प्रेरी

गंज. दोन्ही डायच्या आत. बोट घालून पाहिलं तर खरखरीत, आणि वर कुंकू वाळून बसलंय.

माझीच अक्कल. दरवर्षी दसऱ्याला पाटावर लॅपटॉप ठेवायचो. यंदा तो कंपनीने सप्टेंबरातच परत घेतला, नोकरीसकट. पाट रिकामा कसा ठेवायचा? म्हणून शेजारच्या गॉर्डनचा डायचा डबा ठेवला. ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता. वरून फुलाने पाणी शिंपडलं, झाकण लावलं आणि विसरलो. बारा दिवस!

१५ ऑक्टोबर

मालिनी म्हणाली, "लोखंडच ना? दुसरं आण." बायकोला समजावता समजावता माझंच धाबं दणाणलं. डाय म्हणजे पोलादी साचा. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी त्यात दाबली की पुन्हा मापात येते, मग ती नव्याने भरता येते. गॉर्डनची रायफल त्याच्या वडिलांची. तिचं काडतूस ३०३ सॅव्हेज, ते दुकानात मिळत नाही, घरीच भरावं लागतं. त्याचे हात आता थरथरतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याने मला शिकवलं आणि सगळं सामान माझ्या गराजमध्ये आणून ठेवलं.

८ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. म्हातारा एक्याऐंशीचा आहे. "धिस इज माय लास्ट वन, एक," असं स्वतःच म्हणाला. माझं एकनाथ हे नाव त्याला म्हणता येत नाही. वीस काडतुसं भरून द्यायचीत.

"अरे मग जाऊन सांग ना त्याला," मालिनी म्हणाली.

उद्या सांगतो.

१६ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

१८ ऑक्टोबर

तेल, बारीक पॉलिश पेपर, दोन तास घासाघीस. मग पुंगळी घालून पाहिली — अंगभर ओरखडे उठले आणि शेवटी ती आतच अडकली. संपलं.

नवा सेट बनवून मिळतो. दोनशे चाळीस डॉलर आणि चौदा आठवडे. पैसे कुठून आणायचे ते एक वेळ बघू, पण चौदा आठवडे म्हणजे जानेवारी.

२२ ऑक्टोबर

ऑनलाइन लिलावात एक जुना सेट दिसला. एकशे दहापर्यंत बोली लावली, मग मालिनीचा चेहरा आठवला आणि सोडून दिला. कुणीतरी एकशे पंधराला नेला! पाच डॉलरसाठी कच खाल्ली मी.

अर्विंगच्या यशोधनला फोन केला. कॉलेजचा मित्र, तिकडे नेमबाजीच्या रेंजवर जातो. "यार, हे तर पणजोबांच्या काळातलं काडतूस आहे. आमच्या ग्रुपवर टाकतो, पण होप ठेवू नकोस," म्हणाला. मग विचारलं, "त्या म्हाताऱ्याला सांगितलंस का?" नेटवर्क खराब आहे म्हणून फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं.

२५ ऑक्टोबर

गॉर्डन अंगणात पानं गोळा करत होता. कुंपणाजवळ आला. काम कसं चाललंय, डाय ठीक आहेत ना, विचारलं. म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास, अर्धी काडतुसं भरून झाली.

अर्धी! एकही नाही. इतकं सहज खोटं बोललो की माझाच मला राग आला.

का सांगत नाही मी? निदान इथे तरी खरं लिहितो. ऑफिसने काढल्यावर माझ्यावर विसंबून काम सोपवणारा हा एकच माणूस उरलाय. त्याच्यासमोरही बिनकामाचा ठरायचं नाही मला.

२९ ऑक्टोबर

पार्सल आलं. पस्तीस डॉलरात जुना सेट मिळाला म्हणून हरखलो होतो. डब्यावर ३०३ ब्रिटिश. नाव जवळचं, काडतूस वेगळंच. जाहिरातीत नुसतं ३०३ होतं आणि मी घाईघाईत पैसे भरून मोकळा झालो.

लेक सगळं बघत होती. "जस्ट टेल हिम, बाबा," म्हणाली आणि वर निघून गेली.

१ नोव्हेंबर

गॉर्डनने भोपळ्याचा ब्रेड आणून दिला. अजून कट्ट्यावर तसाच आहे.

४ नोव्हेंबर

सापडला! शाकोपीला, इथून वीस मिनिटांवर. ३०३ सॅव्हेज, मूळ डब्यासकट, साठ डॉलर. तीनदा विचारून खात्री केली, फोटोही मागवले. उद्या आणायचा, दुपारपासून भरायला बसायचं, शुक्रवारी वीसच्या वीस गॉर्डनच्या हातात. जुना डबा कचऱ्यात. त्याला कधी कळायचंही नाही.

"म्हणजे सांगणारच नाहीस?" मालिनीने विचारलं.

आता गरज काय, म्हटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

५ नोव्हेंबर

विकणारा गॉर्डनच्या शिकारी क्लबातला निघाला. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. सेट पुसून देताना म्हणाला, मागच्या आठवड्यात हा मी एका मित्राला फुकट देत होतो. पण त्याने घेतला नाही. म्हणाला, माझा सेट शेजारच्या भारतीयाकडे आहे, काल-परवाच विचारलं त्याला, माझ्यापेक्षा तो जास्त जपतो.

साठ डॉलर दिले. घरी गेलो नाही. हे गॉर्डनच्या दारासमोर गाडीत बसून लिहितोय. दोन्ही डबे मांडीवर आहेत, गंजलेला वर ठेवलाय. त्याने पडद्याआडून गाडी पाहिली बहुतेक, दार उघडतोय.