बिनफवारणीची ओळ

मंगळवार, संध्याकाळी

आठवडाभर ताक कडू का लागतंय, ते आज कळलं.

मला नुकताच टाइप वन डायबेटिस निघालाय. इन्सुलिन करणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी वाचवायच्या औषधाची पुण्यात चाचणी चालू आहे, त्यात मी आहे. काहींना औषध, काहींना नुसतं पाणी. मला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. रोजचं इन्सुलिन सोडून वरून दुसरं काही घ्यायचं नाही.

वडिलांना, म्हणजे आप्पांना, हे लगेच कळलं होतं. "व्हय, फवारणीचं नवं औषध तपासायला कंपनीवाल्यांनी आपल्या टोमॅटोत एक ओळ बिनफवारणीची ठेवली हुती, तशी तू!" इतकं सोपं तर डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

आणि आज त्यांनाच माझ्या ताकात कारल्याचा रस ओतताना पकडलं.

"आप्पा, नियम कळला होता ना तुम्हाला?"

"कळला हुता. पर तुला वाळू द्यायची व्हय?"

मला शंका आली. "त्या ओळीचं काय केलं होतंत?"

आप्पा चपला शोधायला लागले. "उरल्यालं औषध गुपचूप तिला बी मारलं."

म्हणून सगळ्या ओळी सारख्याच आल्या, आणि कंपनीवाले औषधात दम नाही म्हणून निघून गेले!

उद्या डॉक्टरांना फोन करून कारल्याचं सांगायचं. आप्पांवर रागवायचंही होतं. पण त्या ओळीला टोमॅटो काय लगडले होते!