बॅटऱ्या शोधू नका

अहो,

ड्रोनच्या तिन्ही बॅटऱ्या मी कामावर घेऊन चालले आहे, कपाटं उचकत बसू नका. काल ‘खाली पानसुद्धा हलत नाही’ म्हणत मला वेड्यात काढलंत. अंगणात वारा नसला तरी गच्चीच्या वर असतो. जाताना त्यानेच ड्रोन ढकलत नेला, ते तुम्हाला तुमचं कसब वाटलं. येताना वाऱ्याशी झुंजून बॅटरी संपली आणि ड्रोन शेजारणीच्या बाळाच्या गाडीपासून हातभर अंतरावर आदळला. माफी मी मागितली. तुम्ही मोडलेली पाती गोळा करत होतात.

आज स्वतः तिच्या दारात जा आणि ‘चूक माझी’ म्हणा. ‘वारा आला’ म्हणायचं नाही. तोवर माझ्याशी बोलू नका.

कापलेल्या बोटाला मलम लावा, फ्रिजवर काढून ठेवलंय.