गच्चीवरचं ऊन

॥ श्री ॥
धुळे, ता. ८ डिसेंबर १९३६

सौ. सज्जन हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सारे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आईचा खोकला बरा आहे. कापसाचा भाव जरा चढला.

काल तुझे भाईसाहेब मदनलालजी यांचं रावेरहून पत्र आलं. माहेरीही पोळ्या लाटताना तुझी बोटं पुन्हा आखडली, घसा आवळला आणि डॉक्टरांनी शिरेत कॅल्शियमचं, म्हणजे चुन्याचं, औषध टोचल्यावर हात सुटला म्हणे. कमरेची हाडं नरम होऊन वाट अरुंद झाली असेल, तर बाळंतपण जळगावच्या मोठ्या दवाखान्यातच करावं लागेल, असंही लिहिलंय. वाचून मी गादीवरून उठून आत गेलो. मुनीमजींना वाटलं, माझं पोट बिघडलं.

इथे तुझे हात असेच वळायचे, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "सोंगं पुरे." तू पदर आणखी खाली ओढलास. तुझ्या लंगडण्याचीही मी थट्टा केली. आता आठवलं की स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटतं.

पण तेवढंच नाही. दिवाळीआधी इथल्या डॉक्टरांनी तुला पाहिलं, तेव्हा "काही नाही, अशक्तपणा आहे," असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. त्यांनी मला वेगळं बसवून समजावलं होतं, "शेठ, प्रत्येकाच्याच गळ्यात तांदळाएवढ्या चार गाठी असतात. रक्तात चुना कमी पडला की त्या हाडांतून ओढून आणतात. त्यात पोटातलं मूलही मागतंय. खाल्लेला चुना अंगी लागायला ऊन हवं, आणि या बाई वर्षानुवर्षं अंधाऱ्या माजघरात." त्यांनी माशाच्या तेलाची बाटली दिली. आईनं उंबऱ्यातच अडवलं, "माछली रो तेल? म्हारा घर में?" मी निमूट मोरीत ओतून टाकलं.

धर्म आडवा आला, असं इतके दिवस मनाची समजूत घालत होतो.

पण डॉक्टर असंही म्हणाले होते, "तेल चालत नसेल तर राहू द्या. दूध द्या, आणि रोज तासभर गच्चीवर बसवा, डोकं-हात उघडे ठेवून." उन्हाला कुठला धर्म आडवा येतो? आईला मी हे विचारलंसुद्धा नाही. समोरच्या कापसाच्या जिनातले गाडीवान म्हणतील, "शेठनी बायको उघडा डोकानी बठेल शे," एवढ्याचीच मला लाज वाटली. तुझी हाडं झिजली ती माझ्या अब्रूपायी.

हे पत्र भाईसाहेबांना दे. त्यांनी ते डॉक्टरांना वाचून दाखवावं. दुखणं कधीपासूनचं आहे ते त्यांना कळायला हवं. भाईसाहेब मला शिव्या देतील, देऊ देत. आजपासून अंगणात उन्हात डोक्यावरचा पदर काढून बस. कोणी टोकलं तर माझं नाव घे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तरी घे. तेलाचं तुझं तू ठरव. आईला सकाळी सगळं सांगितलंय. ती जेवली नाही.

मी जळगावला येतो. तू बोलावलंस तर आत येईन, नाहीतर दवाखान्याबाहेर बसून राहीन.

तुझ्या पाया पडतो. बायकोला असं कोणी लिहीत नाही, ठाऊक आहे.

शांतीलाल