ज्वारीवर चाललेलं नाटक

सर, तुमचं सूप अजून माझ्याकडेच आहे. आज मंडळाची ट्रंक रिकामी केली, तिच्यात पडद्यांच्या खाली सापडलं. येत्या रविवारी डोणगावातलं आपलं नाट्यमंडळ बंद करण्याचा ठराव आहे आणि सचिव म्हणून तो मलाच मांडायचा आहे. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं.

सुगी झाली की तुम्ही हे सूप घेऊन दारोदार निघायचात आणि आम्ही पोरं पोतं धरून मागे. प्रत्येक घरून सूपभर ज्वारी. ती विकून पडदा, दिवे, पेटीची दुरुस्ती. एकदा पांदीच्या वाटेवरच्या भाजीवाल्या मावशींनी अर्धंच सूप घातलं, तेही खडे असलेलं. मी नाक मुरडलं. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत, "पोरी, खडे काऊन पाहतं? तिनं दार उघडलं, ते पाह्य." मला तेव्हा तुमचा भारी राग आला होता.

ज्यानं ज्वारी घातली त्याला तालमीत येऊन बोलायचा हक्क, हा तुमचा कायदा. एक तालीम अजून डोळ्यांसमोर आहे: मी विधवेचं काम करते आहे, आणि त्याच मावशी भाजीची पाटी उतरवून शाळेच्या ओट्यावर बसल्या आहेत. मध्येच त्या ओरडतात, "मास्तर, नवरा मेल्यावर बाई अशी ठसक्यात उभी राह्यते का? तिले भिंत लागते टेकाले!" तुम्ही तालीम थांबवता, मला भिंतीशी नेऊन उभं करता. प्रयोगाच्या दिवशी त्याच जागी सगळ्या बायका रडल्या.

तुम्ही गेल्यानंतर मी शहाणी झाले. मंडळाची रीतसर संस्था केली, बँकेत खातं उघडलं. हिशेब तपासणारे साहेब म्हणाले, धान्य घेता येईल, पण घरोघर वजन करून पावती द्यावी लागेल. मला तो व्याप नको होता. मी ज्वारीची फेरीच बंद केली. पुढे एका कंपनीचं अनुदान मिळालं, नवे दिवे आले, खुर्च्या आल्या, आणि नाटकं त्यांना हव्या त्या विषयांवर होऊ लागली. लोक यायचे, खुर्चीवर बसायचे, टाळ्या वाजवून जायचे. तालमीला मात्र कुणी फिरकेना. मावशी बाजारात भेटल्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "आमचं काय हाय आता त्यात, बाई?" मी हसण्यावारी नेलं.

मग कंपनीनं हात आखडता घेतला. मागच्या हिवाळ्यात मी पावतीपुस्तक घेऊन गावात फिरले. चहा सगळ्यांनी पाजला. मावशी आता थकल्या आहेत, तरी उठल्या आणि म्हणाल्या, "पैसे नाही बाप्पा घरात. जवारी हाय, नेतं का?" आणि सर, मी काय बोलले असेन? "मावशी, रोखच लागतं." त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "मंग राहू दे," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांनी दार उघडलं होतं हो सर, आणि मीच पाठ फिरवली. ते आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही.

ठरावाच्या मसुद्यात मी "लोकांचा प्रतिसाद नाही" असं कारण लिहिलं होतं. सकाळी ते खोडलं. दुसरं काही सुचलेलं नाही, रविवारपर्यंत सुचेल असंही वाटत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, सुपात घडी करून ठेवते आहे.

एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. फेरीत पोतं धरायला मी स्वतःच असायची, त्यामुळे आमच्या दाराशी फेरी कधी थांबलीच नाही. तुम्हीही विचारलं नाही. इतक्या वर्षांत आमच्या घरून मंडळाला एक सूप ज्वारी गेलेली नाही.