गिटार जरा वर घे

१९ नोव्हेंबर, दुपार
स्टुडिओबाहेरचा जिना

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, चिमणीच्या गालाला एक चिमटा. मी मजेत आहे, जेवतो वेळेवर. बाबांना एवढंच सांग. बाकीचं वाचून दाखवू नकोस.

अल्बमचं विचारलं होतंस. अगं, गाजतोय! रेडिओवर लागतोय. कोपऱ्यावरचा न्हावी माझे केस कापायला तयार नाही, म्हणे तुमची ओळखच ती. एका पेपरने लिहिलंय, ‘या पोराच्या गिटारला आग लागली आहे.’ ते कात्रण सोबत आहे, बाबांच्या चष्म्याखाली ठेव. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून माझ्या नावाने खडे फोडतात ना, म्हणावं, घ्या!

ती, आमची खर्जातली बेस गिटार वाजवणारी, कशी आहे, हेही विचारलं होतंस. बरी आहे.

दुसऱ्या पेपरवाल्याने मात्र डोक्यात तिडीक आणली. ‘तिघांचा बँड, पण ऐकू एकटाच येतो.’ बस, एवढंच. मी तडक त्याच्या कचेरीत. ठोक्या, म्हणजे आमचा ड्रमवाला, शर्ट धरून मागे ओढत होता. मला वाटलं कुणी शिष्ट असेल. निघाला डबा खात बसलेला ढेरपोट्या गृहस्थ. टेबलावर हात आपटून मी तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे हात पुसले, हेडफोन माझ्या कानांना लावले.

“बेस कोण वाजवतं तुमच्यात?”

“आहे एक मुलगी. भन्नाट वाजवते.”

“मग ऐक. ती ऐकू आली की बोट वर कर.”

ताई, गाणं संपलं. माझं बोट टेबलावरच.

ती बरी आहे असं लिहिलं ते खोटं. खरं म्हणजे मला ठाऊकच नाही. अल्बम आला त्याच दिवशी ती बँड सोडून गेली. तुला वाटेल भांडलो. भांडलो असतो तर परवडलं असतं. मी तिला खोलीवर बोलावलं, एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि अल्बम लावला. सगळी गाणी तिच्यावर आहेत गं. ठोक्यालासुद्धा कळलं, मग तुला कळलंच असेल. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो, आता हसेल, आता लाजेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“मी वाजवलेलं कुठे गेलं रे?”

“अगं, पण सगळी गाणी तुझ्यासाठीच आहेत की!”

“असू देत. माझा बेस कुठे आहे?”

आणि चपला घालून गेली. मी आपला उशीत तोंड खुपसून पडलो, मला वाटलं, तिने मला नकार दिला.

तिने वाजवलेलं कुठे गेलं, ते मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. वाजवून झाल्यावर सगळ्यांचे आवाज जुळवायला बसायचो, तेव्हा रोज मी रेकॉर्डिंग करणाऱ्या दाढीवाल्याला म्हणायचो, “गिटार जरा वर घे.” तो म्हणायचा, “राजा, जागा तेवढीच असते. तुला वर घ्यायचं तर कुणालातरी खाली बसवावं लागतं.” मी म्हणायचो, बसव. कुणाला, ते कधी विचारलं नाही. जेवायला बसलं की तू ओरडायचीस ना, ‘अरे, दुसऱ्याला बोलू दे की!’

अल्बम पुन्हा छापायचाय. मी कंपनीच्या मालकाला म्हटलं, आवाज नव्याने जुळवतो. म्हणाला, “चांगलं चाललंय, तुला काय खाज?” शेवटी कबूल झाला; पण आज संध्याकाळपर्यंत, नाहीतर आहे तेच निघेल. दाढीवाला म्हणाला, ती शेजारी बसली तरच हात लावीन. तिच्याकडे ठोक्याला पाठवलं. मी गेलो असतो तर पुन्हा मीच बोलत सुटलो असतो.

ती आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू बाहेर. दार वाजवायचं नाही.”

म्हणून हा जिना. आत काय कापतायत कुणास ठाऊक. गिटार खाली गेली तर लोक म्हणतील, आग विझली. मग कंपनी दारात तरी उभं करेल का? आणि काम आटपून ती तशीच निघूनही जाईल. परत येते असं कुठे म्हणाली? मघाशी उठलो, हात कडीपर्यंत गेला. पुन्हा येऊन बसलो.

एक सांगू? दार इतकं जाड आहे की माझी गिटार, माझं गाणं, काहीच बाहेर येत नाही. येतोय तो फक्त तिचा बेस. पाठीमागच्या भिंतीतून, बुडाखालच्या पायरीतून, पार या कागदापर्यंत. शेवटचं गाणं चालू आहे. मी प्रत्येक ओळीनंतर जिथे श्वास घेतो, तिथे ती काहीतरी वाजवते. दरवेळी वेगळं. शेजारी उभा राहून मी हे कधी ऐकलं नव्हतं, ताई. आणि मग पुसूनही टाकलं.

आवाज थांबला. कडी निघतेय.

आता लिहीत नाही. आणि बोलतही नाही. आधी तिला बोलू देतो.

तुझा,
धाकटा