आता कोरफड पुरे

इग्नेशियस,

गच्चीची चावी शोधू नकोस, माझ्या पर्समध्ये आहे. झाडांना मी सकाळीच पाणी घातलंय. भर दुपारी उघड्या डोक्याने वर जाणं आता बंद. ऑर्किडवर हिरवी जाळी बांधलीस, स्वतःला साधी टोपी नाही!

कानावरची ती जखम पावसाळ्यापासून भरत नाहीये आणि तू कोरफड चोळत बसलायस. "रिपोर्ट साफ आहे" म्हणालास ना? काल दवाखान्यातून फोन आला. जखमेचा तुकडा तपासायला द्यायला तू गेलाच नव्हतास.

लेक घाबरेल, म्हणून ॲनेटला अजून काही बोलले नाही.

मी पुढे जाऊन दवाखान्यात नंबर लावते. जेवून सरळ तिकडे ये. मिरचीच्या पानावर डाग दिसला, तर तू दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीस. मी किती दिवस वाट बघू, रे?

ल्युसी